मदत हवी आहे: बार्बेक्यूसाठी कोळसा कोणता? (तातडीचं, शनिवारी गटारी)

निखारा_नागाव
मंडळी, लांबण लावत नाही. होळीला नागावात बार्बेक्यू सुरू केलं. बारा टेबलं, प्रत्येकाच्या मधोमध खाच पाडून शेगडी बसवलीय, गिऱ्हाईकाने स्वतः शिगा फिरवायच्या आणि खायचं. एप्रिल-मे तुफान गेला, शनिवारी लोक बाहेर माडाखाली नंबर लावून उभे. जूनपासून वाट लागली. कोळसा पेटत नाही, पेटला तर धूर, आणि अर्ध्या तासात मरतो. लोकांचे डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं म्हणतात, अर्धं टाकून उठतात. गेल्या रविवारी एक काका बिल न देता गेले, वर मलाच चार गोष्टी सुनावल्या.
शनिवारी गटारीचं तीस जणांचं बुकिंग आहे, ॲडव्हान्स घेतलाय. मग श्रावण लागला की महिनाभर मी आणि माझी मांजर. एकच प्रश्न: धूर न करणारा, दोन तास टिकणारा कोळसा कोणता आणि अलिबागच्या आसपास कुठे मिळेल? बाकी सल्ले नकोत.

दर्याकाठी
सध्या कोणता वापरता? लाकडी की दगडी?

तळकोकणी
मरे, आधी कोळसो खंयचो ता सांग. पोत्यात काय घातलेला हा ता बघितलंस काय? आमच्याकडे एकान अर्धो चुरो आणि माती घालून दिलान होतो.

निखारा_नागाव
लाकडी. पोत्यातून येतो. अजून काय सांगू? कोळसा तो कोळसा.

पेणची_सुगरण
एवढं कशाला करायचं मुळात? आपल्या रायगडात पोपटी आहे ना! मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, जाडं मीठ, खालीवर भांबुर्डीचा पाला, मडकं उपडं घालून भोवती जाळ. तेल नाही, पाणी नाही. मुंबईकर वेडे होतात. बार्बेक्यू बार्बेक्यू काय, हेच आपलं बार्बेक्यू.

निखारा_नागाव
ताई, जुलै आहे. शेंगा कुठून आणू?

हिशेबनीस
मूळ दुखणं वेगळं दिसतंय. थाळी 'अनलिमिटेड' ठेवलीय का? किती रुपयांत? मी स्वतः यात हात पोळून घेतलेत. चार कॉलेजची पोरं आली की कोळंबीच्या सहा प्लेटी रिचवतात आणि भाताला हात लावत नाहीत. कोळंबी दोनदाच द्या, चिकन हवं तेवढं. मक्याचं कणीस आणि बटाटा आधी आणा, पोट भरतं. त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे आत्ता सुरमई बर्फातलीच, तिचे भाव धरलेत का?

निखारा_नागाव
६९९ ला आहे. पण मी भाव विचारलेला नाही. कोळसा विचारलाय.

भट्टीवाला
पोती ठेवता कुठे?

निखारा_नागाव
मागच्या पडवीत. वर ताडपत्री आहे.

भट्टीवाला
झालं. ताडपत्री वरचं पाणी अडवते, हवेतलं दमट कोण अडवणार? कोळसा म्हणजे स्पंज. समुद्राकाठी जुलैत पोतं जमिनीवर टेकवलं की आठ दिवसांत ओल धरतो. मग तडतडतो, ठिणग्या उडवतो, धुरतो. पत्र्याचे झाकणाचे पिंप घ्या, खाली फळ्या, त्यात भरा. आहे तो माल चाळून चुरा बाजूला काढा. पेटवायला उभी चिमणी, म्हणजे पत्र्याचं नळकांडं, वापरा, तळाशी कागद, वर कोळसा, पंधरा-वीस मिनिटं. निखाऱ्यावर पांढऱ्या राखेची साय आली की मगच टेबलावर. तुमची पोरं काळा कोळसाच टेबलावर नेऊन पुठ्ठ्याने वारा घालत असणार. करवंटीचा कोळसा मिळाला तर उत्तम, जास्त टिकतो.

दर्याकाठी
एवढा व्याप नको. थोडं रॉकेल शिंपडा, दोन मिनिटांत पेट घेतो. आम्ही तसंच करतो.

भट्टीवाला
आणि मग चिकन टिक्क्याला स्टोव्हचा वास. कृपा करा.

दर्याकाठी
वास उडून जातो हो. वीस वर्षं करतोय.

तळकोकणी
वीस वर्सां तुमचीच पावणी खातत मां? ती बोलूची नायत.

निखारा_नागाव
पिंप बघतो. पण टेबलावर धूर होतोच, त्याचं काय? एक्झॉस्टसुद्धा आहे. फोटो टाकतोय.

वॉर्ड_नंबर_सात
फोटो मोठा करून पाहिला. मागे स्प्लिट एसी दिसतोय आणि समुद्राकडच्या सगळ्या काचा लावलेल्या. शेगड्या चालू असतात तेव्हाही त्या बंदच असतात का? आणि डोकं दुखतं ते फक्त गिऱ्हाइकांचं, की तुमच्या माणसांचंही?

निखारा_नागाव
पावसाचा झोत थेट टेबलावर येतो, म्हणून जूनमध्ये चारी बाजूंनी स्लायडिंग काचा लावल्या. दीड लाख गेले. बंद केल्यावर उकडायला लागलं म्हणून एसी. उघड्यावर पावसात कोण बसणार? डोकं माझंही चढतं, पण मला पित्त आहे. शुक्रवारी वाढणाऱ्या पोराला उलटी झाली, त्याने दुपारी शिळी पोळी खाल्ली होती.

वॉर्ड_नंबर_सात
ही गोष्ट तुम्ही पहिल्या ओळीत लिहायला हवी होती. शनिवारपर्यंत थांबू नका, आज रात्रीपासून त्या काचांआड एकही शेगडी पेटवू नका.
जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, आणि सगळ्यांना वाटतं पित्त किंवा शिळं अन्न. पुढे माणूस जागच्या जागी आडवा होतो. वर भट्टीवाल्यांनी सांगितलेला राखेची साय आलेला, अजिबात न धुरणारा निखारासुद्धा हा वायू सोडतोच. म्हणजे तुम्हाला हवा तो 'बिनधुराचा कोळसा' बंद खोलीत जास्त धोक्याचा, कारण धुरामुळे निदान लोक उठून बाहेर तरी जात होते.
स्प्लिट एसी तीच हवा खोलीत फिरवतो, बाहेरची आणत नाही. तुम्ही आणि तो पोरगा दोघंही डॉक्टरांकडे जा आणि कोळशाचं स्पष्ट सांगा, नाहीतर ते पित्ताच्या गोळ्या देतील.

दर्याकाठी
अहो, घाबरवू नका. आमच्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली दीड महिना शेगडी असायची. काही झालं नाही.

वॉर्ड_नंबर_सात
तुमच्या घराला नळ्यांची कौलं होती ना? त्यांतून हवा खेळायची. स्लॅबच्या खोलीत दार-खिडकी लावून हाच शेक देताना माणसं दगावलेली आहेत.

दर्याकाठी
कौलंच होती. ते खरं.

निखारा_नागाव
पण एक्झॉस्ट आहे ना!

भट्टीवाला
सगळं सीलबंद करून पंखा हवा ओढणार कुठून? बाटलीचं तोंड ओठांत घट्ट धरून हवा ओढून बघा. मला वॉर्ड नंबर सातचं पटलं, मीही काचांचं विचारलं नाही, चूक माझी. एक करा. मागच्या अंगणात, घराला चिकटून नव्हे, चारी बाजू उघड्या ठेवून वर उंच पत्रा घाला. तिथे एकच लांब शेगडी, अर्धं पिंप उभं चिरलं की झाली, वेल्डरचं दोन तासांचं काम. एक माणूस भाजेल, आत बिडाच्या तव्यावर चरचरत आणून ठेवायचं. चिकन अर्धं शिजवून बाहेर काढून ठेवायचं नाही, एका दमात आतपर्यंत शिजवायचं.

निखारा_नागाव
मग माझ्यात आणि शेजारच्या खानावळीत फरक काय? लोक येतातच टेबलावर भाजायला. दीड लाखाच्या काचांचं काय करू, पापलेटं सोडू त्यात?

हिशेबनीस
राग समजतो. पण तीसपैकी एक जरी टेबलावर कोसळला तर काचा राहतील, हॉटेल राहणार नाही. तसंही पावसात गेटवेच्या लाँचा बंद, भाऊच्या धक्क्याची रो-रो बोट धरून येतील तेवढेच मुंबईकर. बारा टेबलांवर बारा शेगड्या पेटवून निम्मा कोळसा वायाच जातो, एका शेगडीत तो वाचेल. आणि ६९९ मध्ये कोळंबी दोनदाच.

जाणकार_अलिबाग
फूड लायसन्स भिंतीवर दिसेल असं लावलंय का? फोटोत दिसलं नाही.

निखारा_नागाव
लावलंय! कॅलेंडरमागे आहे!

(चार दिवसांनी)

निखारा_नागाव
शनिवार झाला. डॉक्टरांनी पोराला ऑक्सिजनवर ठेवलं तासभर, म्हणाले गटारी आधीच साजरी झाली असती तुमची. आता ठीक आहे. वेल्डर आलाच नाही, शेवटी मामांच्या लग्नातली मोठी चूल-शेगडी विटांवर चढवली. तीसपैकी सव्वीस आले. वारा दक्षिणेचा होता, पत्र्याखालीही भाजणारा भिजला, छत्री धरायला दुसरा माणूस. पिंपातला कोळसा मात्र चिमणीत अठरा मिनिटांत लाल, कबूल. सहा-सात जणांनी कुरकुर केली की टेबलावरची शेगडी कुठाय, त्यांना शंभर-शंभर रुपये सोडले. काचा सगळ्या उघड्या ठेवल्या, कोपऱ्यातली दोन टेबलं भिजली. डोकं कोणाचं दुखलं नाही. कोळंबी दोनदा दिली, तिसऱ्यांदा मागणाऱ्याला कणीस दिलं.
आता एक राहिलं. बारा टेबलांच्या मधोमध बारा भोकं आहेत. त्यांच्यावर काय झाकू?

दर्याकाठी
मापाचे पाट करून घ्या. फणसाचे.

पेणची_सुगरण
थंडीपर्यंत पाट, मग तिथे भाजलेलं पोपटीचं मडकं आणून बसवा. मापं पाठवा, आमच्याकडचा कुंभार करून देईल.

निखारा_नागाव
१४ इंच.

पेणची_सुगरण
आतून की बाहेरून?