व्हीएमएक्स दिसतंय, तरी केव्हीएम चालत नाही

एकाने विचारलंय की त्याच्या लिनक्स सर्व्हरवर केव्हीएम (एका मशीनवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवण्याची लिनक्सची सोय) का चालत नाही. प्रोसेसर इंटेलचा क्झिऑन ई५४५० आहे, सीपीयूइन्फोमध्ये (प्रोसेसरची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) व्हीएमएक्स ही व्हर्च्युअलायझेशनची खूण दिसतंय, तरी केव्हीएमचं मॉड्यूल लोड होत नाही, म्हणून काहींनी त्याला थेट नवीन सर्व्हर घ्या असं सांगितलंय. इतक्यात पैसे घालवू नका. या प्रोसेसरमध्ये व्हीटी-एक्स, म्हणजे केव्हीएमला लागणारी इंटेलची हार्डवेअर सोय (थोडक्यात व्हीटी), नक्की आहे.

लिनक्सच्या जुन्या कर्नलमध्ये बायोसने (मशीन सुरू होताना चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरने) व्हीटी बंद ठेवलं असलं तरी व्हीएमएक्स दिसत राहतं. त्यामुळे आधी डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) बघा. तिथे 'डिसेबल्ड बाय बायोस' असं असेल तर प्रश्न तिथेच आहे. खात्री करायची तर एमएसआर-टूल्स (प्रोसेसरची अंतर्गत रजिस्टरं वाचणारं साधन) टाकून हेक्साडेसिमल ३ए हे रजिस्टर वाचा. १ आलं तर बायोसने व्हीटी बंद करून वर कुलूपही लावलंय, ते लिनक्समधून उघडत नाही. ५ आलं तर सगळं ठीक.

बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करून सेव्ह केल्यावर नुसतं रीस्टार्ट करून थांबू नका. सर्व्हर बंद करा, पॉवर केबल (दोन पीएसयू, म्हणजे पॉवर सप्लाय, असतील तर दोन्ही) काढा, मिनिटभराने परत लावा. काही जुन्या बोर्डांवर त्याशिवाय सेटिंग लागूच होत नाही. पर्यायच दिसत नसेल तर बायोस अपडेट शोधा.

एक मर्यादा मात्र खरी आहे. या पिढीत ईपीटी (व्हीएमच्या मेमरीचे पत्ते हार्डवेअरमध्येच जुळवणारी सोय) नाही, क्झिऑनमध्ये ते नेहालेम पिढीपासून, म्हणजे ५५०० मालिकेपासून आलं. केव्हीएम त्याशिवाय चालतं, पण मेमरीवर ताण देणारे व्हीएम रेंगाळतात. विंडोज सर्व्हर २०१६ चं हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टची अशीच सोय) तर यावर चालणारच नाही, त्याला ईपीटी लागतंच.