आधीच भरलेली पाणथळ जमीन पूर कसा कमी करते?

प्रश्न
पाणथळ जमीन कार्बन साठवते आणि पुराचे पाणीही शोषते, असे नेहमी वाचनात येते. परंतु कार्बन टिकायचा तर जमीन बारमाही ओली हवी. मग आधीच तुडुंब भरलेल्या जमिनीत मुसळधार पावसाचे पाणी मावणार कुठे? आणि जागा व्हावी म्हणून ती कोरडी केली, तर साठलेला कार्बन हातचा जाईल. ही दोन्ही कामे एकच जमीन खरोखर करते का?

उत्तर १
शंका रास्त आहे. ‘स्पंज’ ही लोकप्रिय उपमाच येथे दिशाभूल करते. पीटच्या दलदलीत पाण्यामुळे प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून मेलेल्या वनस्पती पुरत्या कुजत नाहीत आणि त्यांचा थर, म्हणजेच पीट, वर्षाला साधारण एक मिलिमीटर या संथ गतीने चढत जातो. पृथ्वीच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भाग व्यापणाऱ्या या थरांत जगातील सर्व जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा अधिक कार्बन आहे. पावसाळी दिवसांत अशी दलदल फारसे नवे पाणी साठवत नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. ती पाण्याला रेंगाळायला लावते. स्फॅग्नम शेवाळाच्या उंचसखल गाद्यांमधून वाट काढताना पाण्याचा वेग मंदावतो, तर निचऱ्यासाठी खणलेल्या चरांतून तेच पाणी थेट ओढ्याला मिळते. चर बुजवले की खालच्या अंगाला पाणी उशिरा आणि विभागून पोहोचते, त्यामुळे पुराचा उच्चांक उतरतो.

उत्तर २
प्रत्यक्ष साठवणीचे काम मुख्यतः नदीकाठची पूरमैदाने करतात. नेदरलँड्समध्ये १९९५ च्या पुराच्या धास्तीने सुमारे अडीच लाख लोकांना हलवावे लागले होते. त्यानंतर तेथे बांध केवळ उंच करत बसण्याऐवजी काही ठिकाणी ते मागे सरकवून नदीला पसरायला जागा देण्यात आली. नायमेखेन शहराजवळ वाल नदीचा बांध असाच मागे घेतलेला आहे. मात्र अतिवृष्टी दिवसेंदिवस चालली, तर भिजलेल्या जमिनीचा आणि वनस्पतींचा प्रभाव घटतो, हे मान्य करायला हवे. शिवाय ओल्या दलदलीतून मिथेन हा तापमान वाढवणारा वायू निघतो. तरीही कोरड्या पीटमधून वर्षानुवर्षे सुटणारा कार्बन डायऑक्साइड हा दीर्घ पल्ल्याचा अधिक मोठा तोटा आहे, कारण मिथेन वातावरणात साधारण बारा वर्षेच टिकतो.

उत्तर ३
एक पुरवणी. ‘कार्बनसाठी झाडे लावा’ हा सल्ला पीटवर उलटा पडतो. स्कॉटलंडच्या फ्लो कंट्री या पीटच्या प्रदेशात १९७० आणि १९८० च्या दशकांत करसवलतींच्या आधाराने दलदलीत चर खणून सूचिपर्णी झाडांची लागवड झाली. १९८८ मध्ये त्या सवलती काढून घेण्यात आल्या. आता तेथे अनेक ठिकाणी तीच झाडे तोडून चर बुजवले जात आहेत, आणि उरलेल्या अखंड दलदलीला २०२४ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे.