आधी होम बेस, मग कंपनी
एजन्सीमार्फत युरोपातल्या एअरलाइनसाठी कंत्राटावर उडू पाहणाऱ्या वैमानिकाला वर एकांनी सुचवलंय की आयर्लंडमध्ये लिमिटेड कंपनी काढा, १२.५ टक्के कर भरा, विषय संपला. इतकं सोपं नाही हो. तो दर कंपनीच्या नफ्यावर. स्वतः पगार घेतलात की आयकर वेगळा. खरी मेख सामाजिक सुरक्षेत, म्हणजे पेन्शन, आरोग्य विमा वगैरेंच्या सक्तीच्या वर्गणीत आहे. २०१२ पासून युरोपीय संघात वैमानिकाची ही वर्गणी साधारणपणे होम बेसच्या (जिथून ड्युटी सुरू होते आणि जिथे संपते त्या ठिकाणाच्या) देशात ठरते, कंपनी डब्लिनला नोंदवली म्हणून तिथे नाही. बेस कोलोनला असेल तर जर्मन यंत्रणा विचारू शकते: रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) कोण लावतं? विमान कुणाचं? ड्युटी नाकारता येते का? वर्षभर एकाच एअरलाइनसाठी उडणाऱ्याची 'स्वतंत्र व्यावसायिक' ही झूल तिथे टिकणं कठीण. मी तरी सहीआधी होम बेस लेखी मागेन, आणि एजन्सीने 'सुचवलेला' अकाउंटंट सोडून आपला शोधेन.