अनुभव धागा : रेयना ग्लाडबाखला चाललाय म्हणे. तुमचा कोण गेला होता?

मंडळी, ऑगस्ट २०२५ चा हा अख्खा आठवडा आमच्या घरात एकच विषय चाललाय. अमेरिकन फुटबॉलपटू जिओ रेयना डॉर्टमुंड सोडून म्योन्शनग्लाडबाखला (लाडाने ग्लाडबाख, दोन्ही जर्मन क्लब) जाणार की नाही? मध्ये इटलीतल्या पार्माचं नाव येऊन गेलं, ते बारगळलं. आता ग्लाडबाख. मोठा लेक दर दहा मिनिटांनी फोन बघतो आणि भाजी निवडता निवडता मीही बघते, खोटं कशाला बोलू.

२०२१ च्या उन्हाळ्यात डॉर्टमुंडचा सांचो मँचेस्टरला गेला आणि त्याचा ७ नंबर रेयनाला मिळाला. तेव्हा मोठ्याला जर्सी घेतली होती, साइज १२८. दुकानातल्या बाईंनी प्रेसखाली नाव चिकटवून दिलं (इकडे त्याला बेफ्लॉकुंग म्हणतात) आणि बजावलं, चोवीस तास धुऊ नका. मोठ्याला आखूड झाली, आता धाकटा घालतो. नावातला वाय सोलून निघालाय. काल त्याने विचारलं, "आई, तो ग्लाडबाखला गेला तर ही जर्सी चुकीची होते का?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा.

अट एकच : खेळाडू अमेरिकन हवा आणि जर्मन क्लबातून जर्मन क्लबातच गेलेला हवा. पुलिसिक इंग्लंडच्या चेल्सीला गेला, मॅकेनी इटलीच्या युव्हेंटसला, त्यांचं दुःख वेगळं. परगावी गेलेल्या मुलाची आठवण काढता येते. इथे त्याच वाड्यात पलीकडे बिऱ्हाड थाटायचं आहे. डॉर्टमुंड ते ग्लाडबाख गाडीने सव्वा तास, आणि नाव दोघांचंही बोरुसिया! (म्हणजे लॅटिनमध्ये प्रशिया. दोघंही प्रशियाचे, आणि भांडतात एकमेकांत.)

लिहा.

बर्लिनहून

जॉन ब्रुक्स. विषय संपला, पण लिहितोच.

हा आमचा बर्लिनमध्येच जन्मलेला पोरगा, वडील अमेरिकन. हर्था या बर्लिनच्याच क्लबाच्या अकादमीतून वर आला. एका कोपरावर बर्लिनचा नकाशा गोंदलेला, दुसऱ्यावर इलिनॉयचा. २०१४ च्या वर्ल्डकपमध्ये घानाविरुद्ध ८६ व्या मिनिटाला त्याने कॉर्नरवर डोकं लावलं आणि अमेरिका २-१ जिंकली. मी तेव्हा एका बिअरगार्टनमध्ये मोठ्या पडद्यासमोर होतो. आजूबाजूचे सगळे जर्मन, आणि "आमचा ब्रुक्स" म्हणून ओरडणारे चार हर्थावाले. त्यातला एक मी.

२०१७ ला वोल्फ्सबुर्गला गेला. क्लबाला दोनेक कोटी युरो मिळाले, हे कळत होतं. तरी वोल्फ्सबुर्ग? आयसीई या जलद गाडीने तासाभरावर. त्या स्टेशनवरून दर महिन्याला ऑफिसच्या कामाला जाताना मी उगाच खिडकीबाहेर बघायचो, जसा काही तो फलाटावर उभा असणार आहे. २०२४ ला परत आला, पण तोवर हर्था दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आणि त्याचं शरीर साथ देईना. परतलेल्या माणसाला कुणी फारसं बघितलंच नाही. मला ते जास्त लागलं.

वोल्फ्सबुर्गहून (मुक्काम पोस्ट चाकण)

बर्लिनवाल्यांना आमचं गाव म्हणजे ट्रेन थांबते ते ठिकाण एवढंच माहीत. असो.

मी चाकणच्या प्लँटमधून डेप्युटेशनवर इथे आलो तेव्हा कुणाला ओळखत नव्हतो. कँटीनमध्ये करीवुर्स्टच्या रांगेत बोलायला विषय काय, तर फुटबॉल. ब्रुक्स आला त्याच्या आधीच्या सीझनला क्लब सोळाव्या नंबरवर होता, प्लेऑफ खेळून खालच्या डिव्हिजनमध्ये जायचा वाचला. तो आला, पुन्हा सोळावा, पुन्हा प्लेऑफ! माझ्या टेबलावरचे बुजुर्ग म्हणायचे, हा बर्लिनचा माल पनवती दिसतोय. पण २०२०-२१ ला चौथे आलो, चॅम्पियन्स लीग मिळाली, तेव्हा तोच बचावात होता. पनवती म्हणणाऱ्यांनी त्यानंतर त्याचं नाव "आपला योन" असं घ्यायला सुरुवात केली.

आणि धागाकर्त्या ताई, एक गोष्ट तुमच्याकडून राहिली. जिओच्या वडिलांनी, क्लाउडियो रेयनांनीही हेच केलं होतं. लेव्हरकुझेनला फारशी संधी मिळेना म्हणून १९९७ ला ते आमच्याकडे लोनवर (म्हणजे उसने) आले आणि इथे कॅप्टन झाले. म्हणजे पोरगा वडिलांच्याच वाटेने चाललाय. लेकाला सांगा.

कोल्हापूर

आम्ही यातलं काय सांगणार, आमच्यातनं जर्मनीला कोण गेलंय. पण एक सांगतो. आमच्यात फुटबॉलच्या टीमा तालमींच्या, आणि एका तालमीचा पोरगा दुसऱ्या तालमीकडनं नोंदला की पेठेत चहा मिळायचा बंद होतो. शाहू स्टेडियमवर त्याच्या पायात बॉल आला की जुनी पब्लिक जे बोलते ते इथं लिहिता येत नाही. आणि त्यानंच गोल मारला तर तीच पब्लिक हळूच म्हणते, शेवटी तयार कुणी केला? सव्वा तास लांब जातोय म्हणून रडताय होय? इथं गल्ली ओलांडली तरी पुरं होतंय.

न्यू जर्सीहून

माझी आठवण रेयनाच्या जाण्याची नाही, येण्याची आहे. चालेल ना?

आमचा मुलगा इथल्या एका अकादमीत खेळायचा. पंधरा वर्षांचा असताना कोच म्हणाले, जर्मनीत ट्रायलला पाठवू. आम्ही हुरळलो. मग कळलं की फिफाच्या नियमाने अठराच्या आत परदेशी क्लबात नोंदणीच होत नाही. युरोपियन युनियनच्या आतल्या आत असेल तर सोळाव्या वर्षी चालतं, पण त्यासाठी तिथलं नागरिकत्व लागतं. रेयनाकडे पोर्तुगीज पासपोर्ट होता, पुलिसिककडे आजोबांमुळे क्रोएशियन. म्हणून ते सोळाव्या वर्षी डॉर्टमुंडला. मॅकेनीकडे काही नव्हतं, वडील अमेरिकन हवाई दलात असल्याने लहानपणी तीन वर्षं जर्मनीत राहिला, तिथेच बॉलला पहिली लाथ मारली, तरी शाल्केने त्याला घेतलं ते अठरा पूर्ण झाल्यावरच.

आमच्या घरात पासपोर्ट दोन प्रकारचे, निळा अमेरिकन आणि सासूबाईंचा निळा भारतीय. मुलगा म्हणाला, "आजी, तू पोर्तुगालची का नाहीस?" सासूबाई सांगलीच्या.

मडगाव

न्यू जर्सीवाल्या वहिनी, चुकीच्या जिल्ह्यात सोयरीक केलीत! १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना तो पोर्तुगीज पासपोर्ट मिळू शकतो. आमच्या वाड्यावरची निम्मी घरं त्याच कागदावर इंग्लंडात जाऊन बसलीत. फुटबॉलही आमच्याकडे आहे. दोन्ही एकत्र असून बुंडेसलिगात (जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये) एकही पोर नाही, यावर कुणीतरी वेगळा धागा काढा.

ष्टुटगार्टहून

८ एप्रिल २०२२, शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसातल्या सहकाऱ्याला ऐनवेळी जमेना म्हणून त्याचं तिकीट माझ्याकडे आलं. ष्टुटगार्ट विरुद्ध डॉर्टमुंड, माझी पहिलीच बुंडेसलिगा मॅच. टेक्सासच्या भाच्याला कळवलं, तर त्याची एकच मागणी : मामा, रेयनाचा व्हिडिओ काढ. बिचाऱ्याला मांडीच्या दुखापतीने त्या सीझनला महिनोन् महिने बाहेर बसवलं होतं, आणि आता पहिल्या अकरात आला होता.

कानश्टाटच्या स्टेशनवरून गर्दीबरोबर चालत गेलो. आत ब्रेत्सेलच्या रांगेत अडकलो. हातात ब्रेत्सेल, काखेत जॅकेट, अंगठ्याने फोनचा कॅमेरा चालू करत पायऱ्या चढून वर येतो तर सगळं स्टेडियम विचित्र शांत. माझ्या शेजारची सीट एका म्हाताऱ्या बाईंची होती, लाल-पांढरा मफलर. मी विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, "डेअर युंगं." तो पोरगा. पिवळ्या जर्सीतला ७ नंबर मान खाली घालून बाहेर चालला होता. मॅच सुरू होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. ष्टुटगार्टचे लोक टाळ्या वाजवत होते, समोरच्या टीमच्या पोराला.

त्याच्या जागी ब्रांट आला आणि दोन्ही गोल त्यानेच केले. डॉर्टमुंड २-० जिंकलं. भाच्याला काय पाठवलं? बारा सेकंदांची एक पाठ. त्याने उत्तरच दिलं नाही.

म्हणून रेयना ग्लाडबाखला जातोय म्हटल्यावर "घसरण" वगैरे लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. सतराव्या वर्षी बुंडेसलिगात उतरला, स्टार स्ट्रायकर हालांडच्या डॉर्टमुंडकडच्या पदार्पणाच्याच मॅचमध्ये. तेव्हापासून लोकांनी त्याच्याकडून हालांडएवढंच मागितलं. जाऊ दे त्याला. नव्वद मिनिटं खेळू दे एकदा.

फ्रांकफुर्टहून, ज्येष्ठ नागरिक

आजच्या पिढीला थॉमस डूली ठाऊक नाही असं दिसतं. कायझर्सलाउटर्नकडून १९९१ ला चॅम्पियन. जर्मनीतच जन्मलेला, वडील अमेरिकन, १९९२ ला अमेरिकेचा नागरिक झाला. पुढे लेव्हरकुझेन, मग शाल्के. तेव्हा आम्हाला बातमी 'किकर' या फुटबॉलच्या नियतकालिकाच्या सोमवारच्या अंकात कळायची आणि तोवर ती जुनी झालेली असायची. त्यामुळे जेवणं नीट व्हायची.

ड्युसेलडोर्फहून, ग्लाडबाखचा सीझन तिकीटवाला

सगळ्यांचं रडून झालं असेल तर आमचंही ऐका. मी एस-८ लोकलने मॅचला जातो. या डब्यात बारा वर्षं एकच गाऱ्हाणं ऐकतोय : आमचं पिकलं की डॉर्टमुंडवाले तोडून नेतात. २०१२ ला रॉइस नेला. १ कोटी ७१ लाख युरो, आकडा इथे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. २०१७ ला दाहूद, २०१९ ला थोरगान आझार, २०२१ ला तर कोचच उचलला, मार्को रोझं. या खेपेला गाडी उलटी येतेय, तर डब्यात लोक खूश असतील असं वाटलं होतं. छे! माझ्यासमोरचा निवृत्त पोस्टमन म्हणतो, त्यांना नको झालेलं आपण कशाला घ्यायचं?

त्याला मी अमेरिकन फाबियान जॉन्सनची आठवण करून दिली. २०१४ ला हॉफनहाइमहून फुकटात आला आणि आमच्याकडून चॅम्पियन्स लीगमध्ये गोल केले. गडी गप्प. मग म्हणाला, "जॉन्सन धावायचा तरी." स्कॅली तर २०२१ पासून आहेच, म्हणजे अमेरिकन आम्हाला नवीन नाहीत.

ताई, मुलांना घेऊन बोरुसिया-पार्कला या. सराव कधीकधी सगळ्यांसाठी खुला असतो. पिवळी जर्सी घातली तरी कुणी खाणार नाही. पोस्टमनची खात्री देत नाही.

डॉर्टमुंडहून, पुन्हा मी

झालं, मंडळी. सही झाली, २०२८ पर्यंत.

वडिलांची गोष्ट मोठ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "मग तो आधी लेव्हरकुझेनला जायला हवा होता." तर्कशास्त्र बाबाकडून आलंय.

धाकटा दुपारभर खोलीत गप्प होता. मी जाऊन पाहिलं तर जर्सी पलंगावर ताणून पसरलेली, खाली माझा पोळपाट, आणि काळ्या मार्करने सोललेला वाय नव्याने काढून झालेला. जरा तिरका आलाय.

"आई," म्हणाला, "चोवीस तास धुऊ नकोस."