उभा पसरणारा गट आणि कॅमचे टायमिंग

कंपाउंड धनुष्याचा, म्हणजे दोन्ही टोकांना कॅम नावाच्या फिरत्या चकत्या असलेल्या धनुष्याचा, नेम चुकू लागताच प्रथम साइट (नेम धरण्याचे साधन) जुळवावी, असा सल्ला दिला जातो. सगळे बाण एकगठ्ठा एका बाजूला सरकले असतील, तर ते योग्यच आहे. परंतु बाणांचा गट वर-खाली पसरत असेल, तर आधी कॅमचे टायमिंग, म्हणजे दोन्ही कॅम बरोबरीने फिरतात का, ते तपासावे, असा माझा आग्रह आहे. साताऱ्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत राहिलेल्या धनुष्याच्या केबल (कॅमला जोडलेल्या दोऱ्या) किंचित ताणल्या जाऊ शकतात, आणि तो ताण दोन्हींत सारखा नसला की पूर्ण खेचल्यावर एका कॅमचा ड्रॉ स्टॉप (खेच थांबवणारी खुंटी) दुसऱ्याच्या आधी टेकतो व बाणाची शेपटी सरळ पुढे जात नाही. ५० मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटर व्यासाचे असल्याने एवढा फरकही गुण घालवतो. दोन्ही स्टॉप एकाच क्षणी टेकतात का, हे सहकाऱ्याला बाजूने पाहायला सांगावे. फरक दिसल्यास केबलला पीळ द्यावा, मात्र बो-प्रेसशिवाय (धनुष्य दाबून केबलचा ताण सैल करणाऱ्या यंत्राशिवाय) कदापि नाही.