मदत हवी आहे : विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे, मग आकाशगंगा ३४०० कोटी प्रकाशवर्षे दूर कशी?

खडूफळा (२५ फेब्रुवारी, रात्री ९.१०)
नमस्कार. विज्ञान दिनासाठी आमच्या शाळेत अवकाश दुर्बिणींवरचे सहा फलक लावायचे आहेत. त्यांपैकी पाच छापून आले असून सहाव्यावर गाडे अडले आहे. ही आकाशगंगा १३५० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे, असे मी त्यावर लिहिले होते. मुद्रिते तपासताना आमच्या भूगोलाच्या सरांनी तो आकडा लाल शाईने खोडला आणि शेजारी ३४०० कोटी असे लिहिले. विश्वाचे वयच जर १३८० कोटी वर्षे असेल आणि प्रकाशापेक्षा वेगाने काहीही जात नसेल, तर इतक्या लांबून प्रकाश येथवर पोहोचला कसा, या माझ्या प्रश्नावर ते नुसते हसले. उद्या दुपारी बारापर्यंत छपाईला मजकूर द्यायचा आहे. दोहोंपैकी कोणता आकडा बरोबर, एवढेच सांगावे. कृपया विश्वाच्या उत्पत्तीपासून सुरुवात करू नये.

साशंक (रात्री ९.२२)
कोणती आकाशगंगा? आपण नावच दिलेले नाही.

रात्रपाळी (रात्री ९.२५)
शिवाय ती हबलने पाहिलेली आहे की जेम्स वेबने? रेडशिफ्ट, म्हणजे वाटेत प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली त्याचे माप, किती आहे? सरांनी आकडा कोठून घेतला? सर, हे कळल्याशिवाय उत्तर देणे अवघड आहे.

खडूफळा (रात्री ९.३१)
मी सर नव्हे, बाई आहे. जेम्स वेबने शोधलेली ती सर्वांत दूरची आकाशगंगा, आणखी कोणती असणार? नाव जेड्स-जीएस-झेड१४-०, रेडशिफ्ट १४.३२. सरांच्या हातात एका इंग्रजी लेखाची छापील प्रत होती.

रात्रपाळी (रात्री ९.५०)
बाई, मग ऐका. दोन्ही आकडे बरोबर आहेत. मात्र ते दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. आपल्याला दिसणारा प्रकाश तेथून निघून किती काळ झाला, असे विचारले तर उत्तर सुमारे १३५० कोटी वर्षे. ती आकाशगंगा आज, या क्षणी, किती दूर असेल, असे विचारले तर उत्तर सुमारे ३४०० कोटी प्रकाशवर्षे. खरे तर तिसराही आकडा आहे आणि मला तोच सर्वांत आवडतो. प्रकाश निघाला तेव्हा ती आपल्या आजच्या ठिकाणापासून अवघी २२० कोटी प्रकाशवर्षे दूर होती. पण तो प्रकाश वाटेत असताना वाटच लांबत गेली, म्हणून २२० कोटींचे अंतर कापायला त्याला १३५० कोटी वर्षे लागली, आणि त्या अवधीत प्रसरण पावणाऱ्या अवकाशाने ती आकाशगंगा ३४०० कोटींवर नेऊन ठेवली. येथे प्रकाशाला कोणीही शर्यतीत हरवलेले नाही. वेगाची मर्यादा अवकाशातून प्रवास करणाऱ्यांना आहे, खुद्द अवकाशाच्या ताणण्याला नाही.

तीळगूळ (रात्री १०.०४)
मुलांना हे सांगायचे असेल तर भोगीची बाजरीची भाकरी आठवावी. गोळ्यावर तीळ लावून ती थापू लागले की तीळ जागचे हलत नाहीत, तरीही प्रत्येक तीळ दुसऱ्यापासून दूर जातो. एका तिळावरून दुसऱ्याकडे निघालेली मुंगी अर्ध्या वाटेत असतानाच भाकरी दुप्पट झाली, तर तिने तुडवलेले अंतर आणि दोन तिळांमधले आताचे अंतर एकच कसे असेल?

साशंक (रात्री १०.११)
उपमा चविष्ट असली तरी घातक आहे. भाकरीला कड असते आणि मध्यही असतो. मुले लगेच विचारतील की विश्वाचा मध्य कोठे आहे. माझा सल्ला असा की अंतर लिहूच नये, केवळ रेडशिफ्ट लिहावे. मोजली जाते ती तेवढी एकच राशी. बाकीचे आकडे प्रसरणाच्या प्रारूपातून काढलेले असतात.

तीळगूळ (रात्री १०.१५)
सातवीतल्या मुलाने 'रेडशिफ्ट १४.३२' असे वाचून काय समजावे? कडेचा प्रश्न विचारलाच, तर तो प्रश्न विचारल्याबद्दल त्या मुलाला शाबासकी द्यावी.

रात्रपाळी (रात्री १०.२८)
साशंक यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, पण रेडशिफ्ट द्यायचे तर ते नवे द्यावे. १४.३२ हे २०२४ मध्ये वेबच्या वर्णपटावरून काढलेले मूल्य होते. २०२५ मध्ये चिलीतील अल्मा दुर्बिणीला त्या आकाशगंगेत ऑक्सिजनची रेषा सापडली आणि मूल्य १४.१८ असे अधिक काटेकोरपणे निश्चित झाले. त्याचा अर्थ असा की प्रत्येक तरंगलांबी त्याहून एकने अधिक, म्हणजे १५.१८ पट, ताणली गेली आहे. ज्या ०.१२१६ मायक्रॉनच्या अतिनील तरंगलांबीपेक्षा आखूड लांबीचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन गिळून टाकतो, ती सीमा ताणून १.८५ मायक्रॉनवर, म्हणजे अवरक्त पट्ट्यात येते. हबलचा अवरक्त कॅमेरा १.७ मायक्रॉनपर्यंतच पाहतो, त्यामुळे हबलने कितीही वेळ टक लावली असती, तरी तेथे त्याला काळोखच दिसला असता. फलकावर एक ओळ मोकळी असेल, तर ही अवश्य घालावी.

आठइंची (रात्री १०.४०)
शाळेने आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण घ्यावी. मुलांना फलकांपेक्षा प्रत्यक्ष आकाश दाखवावे. काळोखी जागा असेल, तर देवयानी आकाशगंगा दुर्बिणीशिवायही अंधूक ठिपक्यासारखी दिसते.

खडूफळा (रात्री १०.४४)
दुर्बीण कोणती घ्यावी, हे मी विचारलेले नाही. पण आता आपण आलाच आहात, तर देवयानीच्या बाबतीतही असे दोन आकडे आहेत का, तेवढे सांगा. दुसऱ्या फलकावर मी २५ लाख प्रकाशवर्षे असे छापून बसले आहे.

आठइंची (रात्री १०.५२)
तो फलक निर्धास्तपणे लावावा. इतक्या जवळच्या वस्तूंच्या बाबतीत प्रकाशाचा प्रवासकाळ आणि आजचे अंतर यांत सांगण्याजोगा फरक पडत नाही. शिवाय देवयानी दूर जात नसून आपल्याकडेच येत आहे. आठ इंची दुर्बिणीचा मात्र विचार करावा.

सिंहराशी (रात्री ११.०५)
एवढ्या कटकटीपेक्षा विषयच बदलावा. के२-१८बी हा ग्रह १२४ प्रकाशवर्षांवर आहे, त्यामुळे आकड्याचा घोळ नाही. वेबला २०२३ मध्ये त्याच्या वातावरणात मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड सापडले, आणि एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने डायमिथिल सल्फाइडच्या खुणा जाहीर केल्या. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्री प्लवकांपासून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांपासून, येतो. सजीवसृष्टी सापडली, असा मथळा दिला की मुले धावत येतील.

साशंक (रात्री ११.१२)
असा मथळा चुकूनही देऊ नये. तो दावा तीन सिग्मा पातळीचा होता (सिग्मा हे निष्कर्ष निव्वळ योगायोग नसल्याच्या खात्रीचे माप), आणि शोध लागला असे म्हणायला सामान्यतः पाच सिग्मा लागतात. इतर संशोधकांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा तो पुरावा दुबळा वाटला. आकड्याचा घोळ टाळायला गेलात, तर अर्थाचा घोळ पदरी पडेल.

नोंदवही (रात्री ११.३०)
मूळ प्रश्नाकडे येतो. बाई, आपला 'सर्वांत दूरची' हा शब्दप्रयोगच आता चुकीचा आहे. २०२५ मध्ये वेबच्याच निरीक्षणांतून मॉम-झेड१४ पुढे आली. तिचे रेडशिफ्ट १४.४४ असून ती महास्फोटानंतर सुमारे २८ कोटी वर्षांनीची आहे. आणखी एक विनंती अशी की आकाशगंगा हे आपल्या दीर्घिकेचे विशेषनाम आहे, तेव्हा इतरांना दीर्घिका म्हणावे.

खडूफळा (२६ फेब्रुवारी, सकाळी ६.४०)
सर्वांचे आभार. दीर्घिका या शब्दावर मुले अडखळतील, पण आपले म्हणणे मान्य आहे. पुढील मजकूर पाठवते आहे. हरकत असल्यास अकरापूर्वी सांगावे.

'जेड्स-जीएस-झेड१४-० या दीर्घिकेचा जो प्रकाश वेब दुर्बिणीने टिपला, तो सुमारे १३५० कोटी वर्षांपूर्वी तेथून निघाला. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे ती दीर्घिका आज आपल्यापासून सुमारे ३४०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. हा शोध २०२४ मध्ये जाहीर झाला, तेव्हा ती माहीत असलेली सर्वांत दूरची दीर्घिका होती. २०२५ मध्ये तो मान मॉम-झेड१४कडे गेला.'

हबलची ओळही खाली बसवली आहे.

रात्रपाळी (सकाळी ७.१५)
उत्तम. छपाईत 'कोटी'चे 'अब्ज' होणार नाही, एवढे डोळ्यांत तेल घालून पाहावे. इंग्रजी मजकूर मराठीत आणताना १३.५ अब्जचे १३५० अब्ज झालेले मी पाहिले आहे.

खडूफळा (सकाळी ७.२८)
पाहीन. आता एक शेवटचा प्रश्न. चौथ्या फलकावर 'विश्वाची रुंदी १३८० कोटी प्रकाशवर्षे आहे' असे छापून झाले आहे. सरांनी अजून तो पाहिलेला नाही. त्यावर कागद चिकटवावा लागेल का?

रात्रपाळी (सकाळी ७.३१)
लागेल. निरीक्षणक्षम विश्वाचा व्यास सुमारे ९३०० कोटी प्रकाशवर्षे आहे. 'निरीक्षणक्षम' हा शब्दही त्या कागदावर मावला पाहिजे.