वहीतला आकडा काढा की भावा

वर भावानं लिहिलंय, चपलांच्या दुकानासाठी रोज लेख टाकला की एआय आपोआप नाव घेईल. मला नाही पटत. कोल्हापुरीला 2019 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, हे शंभर ठिकाणी आहे. तुमचाच दुवा कोण देणार? प्रिन्स्टन, आयआयटी दिल्लीच्या मंडळींच्या 2023 च्या जीईओ (म्हणजे एआयच्या उत्तरांत आपला मजकूर दिसावा यासाठीचे बदल) शोधनिबंधात दिसलं, की आकडेवारी, अवतरणं, स्रोत घातलेला मजकूर एआयच्या उत्तरांत जास्त झळकतो.

पण आकडा आपला हवा. दुरुस्तीची वही आहेच की (तेलकट असली तरी)! अंगठा तुटला, कान उसवला, की तळ झिजला? वर्षभराचं मोजा. किती जोड, कुठले महिने, तेही लिहा. आकडा छापायचा तर पत्रकारही आधी तेच विचारतो. जोड 40 असतील तर 40 च सांगा, नुसती टक्केवारी फुगवू नका.